पायाखालचा काळा पाषाण

१. जमीन कळायला विहिरीच्या काठावर बसावं लागतं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही जुन्या विहिरीत डोकावा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पहारीला दाद न देणारा काळा पाषाण, आणि मध्येच कधीतरी विटकरी लाल पट्टा. त्याखाली पुन्हा काळा पाषाण. हा लाल पट्टा म्हणजे लाव्ह्याच्या दोन लोटांमधली उसंत, हे समजलं तेव्हा मी थक्क झालो. एक लोट थिजला, त्याच्या पाठीवर ऊन-पाऊस पडून माती झाली, मग तिच्यावरून पुढचा लोट गेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ज्वालामुखी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धूर ओकणारा डोंगर यायचा. दख्खनचा बराचसा लाव्हा मात्र जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला आणि पसरत गेला.

२. एकाच बांधाच्या अलीकडे पाणी असतं, पलीकडे नसतं, आणि त्यात नशिबाचा भाग वाटतो त्याहून कमी असतो. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच नाही. ते राहतं भेगांत, कुजलेल्या खडकात, दोन लोटांच्या सांध्यात. लोटाच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिलेली असतात. कित्येक भोकांत पुढे पांढरी, हिरवट खनिजं भरली. अशा ठिसूळ खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि तो लागला की त्यांचे चेहरे खुलतात. म्हणूनच एकाला साठ फुटांवर पाणी लागतं आणि शेजाऱ्याचा पाचशे फुटांचा बोअर कोरडा जातो. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, म्हणून कर्ज काढून बोअर घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. पण गावच्या जुन्या विहिरींचे थर कुणी नीट लिहून ठेवले असते, तर त्यातले काही पैसे नक्की वाचले असते. आणि खोल गेलं की पाणी वाढतं, हा समज तर इथला खडक रोज खोटा ठरवतो.

३. काळी माती ही त्याच पाषाणाची झीज. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर पीक उभं राहतं, पण भिंतीला तडे जातात.

४. बालाघाट वर आलेला नाही, उरलेला आहे. तुळजापूरचा घाट चढताना मला नेहमी वाटायचं, की हा डोंगर कधीतरी खालून उचलला गेला असणार. प्रत्यक्षात नद्या-ओढ्यांनी आजूबाजूचं कोरून नेलं आणि कठीण थरांनी तग धरला. म्हणून त्याचा माथा असा सपाट. येडशीच्या रामलिंगला पावसाळ्यात धबधबा कोसळतो, तेव्हा हे कोरीवकाम चालू असताना बघायला मिळतं. या माथ्यावर पाण्याची वाटणीही होते: तेरणेचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, तर नळदुर्गच्या किल्ल्याजवळून वाहणारी बोरी भीमेला मिळते, म्हणजे कृष्णेकडे जाते. एकाच रानात पडलेल्या सरी अशा दोन वाटांनी समुद्राला जातात.

५. स्थिर जमीन म्हणजे शांत जमीन नव्हे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं गाढ झोपली होती. लातूरचं किल्लारी, आमचं सास्तूर आणि तेरणाकाठची कितीतरी गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर तो नकाशा बदलावा लागला. पुढे किल्लारीत खोल छिद्र घेतलं, तेव्हा लाव्ह्याचे थर सुमारे ३४० मीटरवर संपले आणि त्याखाली त्यांच्याहून कितीतरी पुरातन खडक लागला. भारताचा भूखंड उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर. तो ताण हिमालयात दिसतो, पण साचतो इकडेही, जुन्या खडकांतल्या जुन्या भेगांवर. त्यातली एखादी कधी सरकेल, ते आधी सांगता येत नाही.

६. माणसं भूकंपाने कमी आणि भिंतींनी जास्त गेली, हे मला फार उशिरा उमगलं. हात-दोन हात रुंदीच्या, गोल दगड मातीत रचलेल्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते घर आमच्या आत्याला प्राणाहून प्रिय होतं. त्या पहाटेनंतर मात्र कित्येक वर्षं तिने दगडी भिंतीशेजारी अंथरूण टाकलं नाही. दगडाचा दोष नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नव्हता, चारही भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा नव्हता. जिल्ह्यात अशी माळवदं अजून उभी आहेत, त्यांत लेकरं झोपतात. कुणी जुनी भिंत दुरुस्त करताना दिसलं, की मी थांबतो आणि गवंड्याला विचारतो, आरपार दगड किती घातले?