केडगावचा कालखंड : पंडिता रमाबाईंचे ग्रामीण कार्य आणि मराठी भाषाव्यवहार

१

मराठी वाङ्मयेतिहासात पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) नोंद मुख्यत्वे तीन ग्रंथांच्या आधारे होते. 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) हे पुण्यात आल्यावर लिहिलेले पुस्तक, 'द हाय कास्ट हिंदू वूमन' (१८८७) हे अमेरिकेत प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक आणि 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा प्रवासग्रंथ, हे ते तीन ग्रंथ होत. हे सर्व लेखन सात वर्षांत झालेले आहे. त्यानंतर रमाबाई तेहेतीस वर्षे जगल्या आणि त्यांपैकी सुमारे पाव शतक त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव या खेड्यात काढले. या दीर्घ कालखंडाची बोळवण मात्र बहुधा एका वाक्यात केली जाते. रमाबाई सुधारणेच्या क्षेत्रातून निवृत्त होऊन धर्मप्रचाराकडे वळल्या, असे त्या वाक्याचे तात्पर्य असते.

हा निष्कर्ष तपासून पाहणे आवश्यक आहे. तो मान्य केल्यास केडगाव हे रमाबाईंच्या लेखिकापणाचे अस्तस्थान ठरते. याउलट, केडगावात उभी राहिलेली श्रमव्यवस्था, तेथील छापखाना आणि तेथे सिद्ध झालेले बायबलचे मराठी भाषांतर यांचा एकत्र विचार केला, तर निराळे चित्र दिसते. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वाचकाला उद्देशून लिहिणारी लेखिका तेथे निरक्षर, दुष्काळग्रस्त स्त्रीला वाचक करण्याच्या उद्योगाला लागली. ग्रामीण भागातील तिचे विधायक कार्य आणि तिचा भाषाविचार ही एकाच प्रयत्नाची दोन अंगे होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतील मित्रमंडळींच्या साहाय्याने त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलविले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांचे सल्लागार मंडळ या संस्थेला लाभले होते. १८९३ मध्ये सदनातील मुलींच्या ख्रिस्ती प्रार्थनेला उपस्थित राहण्यावरून वाद पेटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. हा वाद वाङ्मयेतिहासाला परिचित आहे. त्यानंतरचा भाग तितका परिचित नाही.

अमेरिकेतून मिळणारे साहाय्य दहा वर्षांच्या मुदतीचे होते. ती मुदत संपल्यावर संस्थेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, या हेतूने रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली व तेथे फळबाग लावण्यास आरंभ केला. दौंड तालुक्यातील हे गाव पुण्यापासून सुमारे पंचावन्न किलोमीटर अंतरावर, पुणे-दौंड लोहमार्गावर आहे. केडगावशी रमाबाईंचा पहिला संबंध आला तो जमीन, पाणी आणि उत्पन्न यांच्या विचारातून, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

या योजनेला वेगळे वळण दिले ते दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. १८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. अन्नाच्या शोधात वणवण करणाऱ्या अनाथ मुलीची अवस्था त्यांना कोणी सांगावी लागत नव्हती. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. नव्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतावर करण्यात आली. १८९८ पासून ही वसाहत 'मुक्ती' या नावाने स्थिर झाली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि निवासिनींची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

शारदा सदनाचा मूळ हेतू उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणाचा होता. मुक्तीत आलेल्या बहुसंख्य स्त्रिया शेतकरी, कारागीर, मजूर अशा वर्गांतल्या होत्या. म्हणजे पुण्याहून केडगावला जाताना संस्थेची केवळ जागा बदलली नाही, तिचा सामाजिक पायाच बदलला.

३

एखाद्या खेड्याशेजारी दीड-दोन हजार माणसांची वसाहत उभी राहते, तेव्हा तिला प्रथम पाणी लागते, मग धान्य, कापड, तेल, दूध आणि निवारा. मुक्तीत विहिरी खोदण्यात आल्या, शेती व भाजीपाल्याचा मळा उभा राहिला, गुरांचा गोठा आला. माग, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक, छापखाना असे विभाग सुरू झाले आणि ते चालविण्याचे काम निवासिनींनाच शिकविण्यात आले. अंध मुलींना ब्रेल लिपीचे वाचन आणि हस्तव्यवसाय यांचे शिक्षण मिळू लागले. या कामी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई (१८८१-१९२१) यांचा वाटा मोठा होता. समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग होता.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य तिच्या उपयुक्ततेपुरते मर्यादित नाही. गावगाड्यात काम जातीने ठरत असे. तेल काढणे, विणणे, कपडे धुणे ही कामे विशिष्ट जातींची मानली जात आणि त्या कामांवरून माणसाची पायरी ठरे. मुक्तीत ही कामे एकाच छताखाली शिकविली गेली. कोणत्याही घरातून आलेली स्त्री घाण्यावर किंवा मागावर बसू शकत होती. त्यामुळे व्यवसाय जन्मापासून वेगळा झाला. विधवेच्या बाबतीत तर हा बदल अधिक खोल होता. घरात ती राबत असेच, परंतु त्या राबण्याला कौशल्याचे नाव नव्हते. केडगावात तिच्या श्रमाला विभाग, शिक्षण आणि जबाबदारी लाभली.

साक्षरता या कामांना जोडूनच येत होती. शिकून मग काम, असा क्रम दुष्काळातून आलेल्या स्त्रीला परवडणारा नव्हता. काम करीत असताना शिकणे, हाच तेथील व्यवहार होता आणि छापखाना हा या व्यवहाराचा सर्वांत बोलका नमुना आहे. खिळे जुळविणे, छापणे, पाने दुमडणे, पुस्तके बांधणे ही सर्व कामे स्त्रियाच करीत. खिळे जुळविणाऱ्या स्त्रीला अक्षर ओळखावेच लागते, तेही उलटे. जी स्त्री काही वर्षांपूर्वी निरक्षर होती, तिच्या हातून मराठी ग्रंथ आकाराला येत होता. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या घटनेला स्वतंत्र स्थान मिळावयास हवे.

४

केडगावच्या कालखंडातील रमाबाईंच्या लेखनाची विभागणी भाषेनुसार करता येते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन आणि संस्थेची इंग्रजी वार्तापत्रे देशोदेशींच्या सहानुभूतिदारांना उद्देशून होती. मराठी लेखन प्रामुख्याने तेथील निवासिनींसाठी आणि त्यांच्यासारख्या वाचकांसाठी होते. या मराठी लेखनाचा कळस म्हणजे बायबलचे भाषांतर.

मराठीत बायबलची भाषांतरे पूर्वीच झालेली होती. विल्यम कॅरी यांनी सेरामपूर येथून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले होते आणि पुढे निरनिराळ्या मिशनांनी हे कार्य चालू ठेवले होते. असे असता रमाबाईंना नवे भाषांतर करण्याची गरज का वाटली? प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर असून सामान्य स्त्रीला ती कळत नाही, हे त्यांचे एक कारण होते. दुसरे कारण असे की, वेदान्तातील अर्थच्छटा असलेले शब्द ख्रिस्ती कल्पनांसाठी योजल्याने अर्थाचा घोटाळा होतो, असे त्यांचे मत होते. संस्कृत पांडित्यामुळे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविलेल्या विदुषीने हा आक्षेप घ्यावा, याला विशेष महत्त्व आहे. संस्कृत शब्दाच्या मागे कोणते तत्त्वज्ञान उभे असते, हे त्या आतून जाणत होत्या.

मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून थेट मराठीत आणण्याचा संकल्प त्यांनी केला, त्यासाठी उतारवयात त्या भाषांचा अभ्यास केला आणि अभ्याससाधनेही तयार केली. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या अगदी थोडे आधी भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. भाषांतरकार स्त्री, खिळे जुळविणाऱ्या स्त्रिया आणि अभिप्रेत वाचकही प्राधान्याने स्त्री, असा हा योग आहे.

या भाषांतराचा विचार करताना 'सोपी मराठी' ही कल्पना केडगावच्या परिस्थितीशी जोडून पाहावी लागते. मुक्तीतील अनेक स्त्रिया मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आलेल्या होत्या. मराठी ही त्यांच्यापैकी कित्येकींची जन्मभाषा नव्हती. शेतावर, गोठ्यात, स्वयंपाकघरात परस्परांशी बोलताना त्यांना जी मराठी आत्मसात झाली असेल, ती ग्रांथिक असणे संभवत नाही. भाषांतरकर्तीच्या समोर रोज बसणारा श्रोतृवर्ग हा होता. सुबोधतेचा आग्रह हा केवळ शैलीविषयक पसंतीचा प्रश्न राहिला नाही. जिला वाचता यावे म्हणून लिहावयाचे, तिची भाषा मोजमाप म्हणून पुढे आली.

५

केडगावच्या कार्याच्या मर्यादा नोंदविल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. पहिली मर्यादा धर्मान्तराची. दुष्काळातून वाचविलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेकींनी तो धर्म स्वीकारला. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाची दखल जगभरच्या ख्रिस्ती पंथांनी घेतली. अन्न देणाऱ्या हाताचा धर्म स्वीकारण्यात स्वेच्छा किती आणि परिस्थिती किती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो टाळता येण्याजोगा नाही. मात्र त्या मुलींपुढे अन्य पर्याय कोणते होते, हा प्रश्नही तितक्याच स्पष्टपणे विचारावयास हवा. त्यांना सामावून घेणारी दुसरी व्यवस्था समाजाजवळ पुरेशा प्रमाणात असती, तर वादाचे स्वरूप निराळे झाले असते.

दुसरी मर्यादा गाव आणि वसाहत यांच्या नात्याची. मुक्ती ही केडगावाशेजारी उभी राहिलेली स्वतंत्र वसाहत होती. तिच्या भिंतींच्या आत जातिनिरपेक्ष श्रम शक्य झाला, म्हणून गावगाड्याची घडी मोडली असे म्हणता येणार नाही. केडगावची स्मृतीही एकपदरी नाही. नारायण महाराजांच्या बेटामुळे हेच गाव दत्तसंप्रदायाच्या भाविकांनाही परिचित आहे. दोन वेगळ्या श्रद्धांची केंद्रे एकाच गावाच्या परिसरात नांदत आली, हे वास्तव कोणत्याही एका बाजूच्या गौरवकथेत बसत नाही.

तिसरी मर्यादा खुद्द भाषांतराची. मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याचा आग्रह आणि सुबोधतेचा आग्रह हे दोन्ही एकाच वेळी पाळणे कठीण असते. पहिल्या आग्रहामुळे वाक्यरचना ताठर होते आणि शब्द सोपे असूनही वाक्य परके वाटू लागते. या भाषांतराला मराठी चर्चमध्ये प्रमाण ग्रंथाचे स्थान मिळाले नाही. मात्र ग्रंथाचा प्रसार आणि ग्रंथामागील विचार यांचे मूल्यमापन वेगळे करावे लागते. मराठी गद्य कोणासाठी, हा प्रश्न रमाबाईंनी ज्या ठिकाणी उभा केला, तो प्रश्न ग्रंथ मागे पडला म्हणून बाद होत नाही.

६

संस्था टिकली. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने तिचे कार्य शंभराहून अधिक वर्षे केडगावात चालू राहिले आहे. निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ, अंधांची सेवा, शाळा आणि रुग्णसेवा ही त्याची अंगे आहेत. ग्रामीण विकासाच्या दृष्टीने टिकून राहिलेली गोष्ट म्हणजे एका वाळवंटी काळात पाणी, शेती, व्यवसाय आणि अक्षर यांची घातलेली सांगड होय.

या प्रयत्नाचे धागे बाहेरही गेलेले दिसतात. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात सदनातील दिवसांचे चित्र आहे. कर्वे यांचा विधवांचा आश्रम १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. दोन्ही संस्थांची धर्मभूमिका भिन्न होती, तथापि स्त्रीशिक्षणासाठी शहराबाहेरची जागा दोघींनाही शोधावी लागली. या साम्याचा स्वतंत्र अभ्यास होण्याजोगा आहे. तसेच लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील (१९३४-३७) बोलभाषेचे सामर्थ्य आणि केडगावच्या भाषांतरातील सुबोधतेचा आग्रह यांची तुलना करता येईल. एकीकडे बोलण्यातून सहज आलेली भाषा आहे, दुसरीकडे पांडित्य जाणीवपूर्वक बाजूला ठेवून घडविलेली भाषा आहे. मराठी ख्रिस्ती गद्याच्या या दोन वाटा आहेत.

अभ्यासक्रमात रमाबाईंचा समावेश 'स्त्रीधर्मनीति' किंवा प्रवासवृत्त यांच्यापुरता राहिल्यास त्यांच्या विचारातील एक मूलभूत बदल विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. १८८२ च्या पुस्तकातील लेखिका स्त्रियांना उपदेश करते. तिचा वाचक आधीपासून साक्षर आहे. केडगावातील रमाबाई आधी विहीर खणवितात, मग माग व खिळे यांची व्यवस्था लावतात आणि त्यांतून निर्माण होणाऱ्या वाचकासाठी भाषा शोधतात. त्या भाषेत त्यांना कितपत यश आले, याविषयी मतभेद राहतील. परंतु लेखक आणि वाचक यांच्यातील अंतर कमी करण्यासाठी एका लेखिकेने खेड्यात जाऊन वाचकच घडवावा, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात दुर्मीळ आहे. केडगावच्या कालखंडाला निवृत्तीचा कालखंड म्हणणे म्हणूनच युक्त ठरत नाही.