पुन्हां येणारा न्युमोनिया

गोवर ज्यास एकदां येऊन गेला, त्यास तो सहसा पुन्हां येत नाहीं, हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. त्यावरून पुष्कळांस वाटतें कीं, न्युमोनियाचेंही तसेंच असावें. प्रिय वाचकहो, हा समज घातक आहे. "पोराला गेल्या वर्षींच होऊन गेला, आतां नुसतें पडसें असेल," असें म्हणून घरचीं माणसें थांबतात आणि मूल हातचें जातें. यास्तव या विषयाचा आपण थोडा विचार करूं.

१. तो पुन्हां कां येतो? फुप्फुसाचा हा दाह उत्पन्न करणाऱ्या जंतूंपैकीं न्युमोकोकस हा मुख्य होय. 1881 सालीं फ्रान्सांत पाश्चर व अमेरिकेंत स्टर्नबर्ग यांनीं तो स्वतंत्रपणें शोधून काढिला. त्याच्या अंगावर एक कवच असतें, आणि त्यावरून आपलें शरीर त्यास ओळखतें. परंतु या कवचाचे सुमारें 100 प्रकार आहेत. एकाशीं झुंजून शरीर जें शिकतें, तें दुसऱ्यापुढें बहुधा निरुपयोगी ठरतें.

२. अधिक भय कोणास? तान्हीं मुलें, वृद्ध, मधुमेही, विडी व दारू यांचे व्यसनी, आणि धुरानें कोंदलेल्या घरांत राहणारे, यांस.

३. पुन्हां आल्यास काय करावें? पूर्वीचें एक्स-रे चित्र व कागद डॉक्टरांस दाखवावे. दुखणें त्याच जागीं उलटलें असेल, तर श्वासनळींत शेंगदाण्यासारखें कांहीं अडकलें आहे काय, गांठ किंवा क्षय आहे काय, हें पाहावें लागतें. जागा निराळी असेल, तर शरीराची शक्ति कां उणावली याचा शोध करावा लागतो. ताप उतरला म्हणून औषध मध्येंच सोडूं नये.

४. प्रतिबंध कोणता? न्युमोकोकसची लस भारतांत 2017 सालीं कांहीं राज्यांत व 2021 सालीं सर्वत्र बालकांस विनामूल्य मिळूं लागली. ती 6 आठवडे, 14 आठवडे व 9 महिने या वयांत टोंचतात. तथापि ती सर्व प्रकारांवर चालत नाहीं. म्हणून लक्षणें ओळखतां आलींच पाहिजेत. मूल शांत असतां एका मिनिटांतील श्वास मोजावे. 2 महिन्यांपासून वर्षाच्या आंतील मुलाचे 50 किंवा अधिक, आणि 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असल्यास, त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

प्रश्न : (१) गोवर व न्युमोनिया यांत भेद कोणता? (२) जुने कागद कां जपावे? (३) आपल्या वस्तींतील किती मुलांस लस टोंचणें राहिलें आहे?