तात्यांचा अंगठा

उलव्याच्या तात्यांना एके रात्री झोप लागेना. उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. अंगावरची चादरसुद्धा त्याला सोसवेना. सकाळी मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. रक्तात युरिक ॲसिड ९ निघाले. ते ७ च्या आत असावे लागते.

युरिक ॲसिड म्हणजे काय? तो आपल्या शरीरात रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडे, म्हणजेच किडन्या, तो लघवीवाटे बाहेर टाकतात. तो साचला तर? मिठागर आठवा. उन्हाने पाणी आटते आणि मिठाचे खडे धरतात. तसेच युरिक ॲसिडचे बारीक खडे सांध्यात धरतात. मग सांधा सुजतो, ठणकतो.

तात्या म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी दारूला शिवत नाही. मटण, सुकी मासळीही बेताचीच खातो. मग हे कशानं झालं?”

“रोज औषध कोणतं घेता?”

तात्यांनी खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले. ती रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी होती.

डॉक्टर म्हणाले, “या गोळीनं पाणी बाहेर जातं, पण युरिक ॲसिड मागं राहतं. हृदयासाठी रोज घेतात ती ॲस्पिरिनची लहान गोळी आणि क्षयावरचं पायराझिनामाइड, यांनीही ते वाढतं. उलट, रक्तदाबाच्याच लोसार्टन गोळीनं ते थोडं उतरतं.”

“मग ही गोळी आजपासून बंद!”

“तसं करू नका, तात्या. रक्तदाब चढला तर लकवा मारेल. अंगठ्यापायी जीव धोक्यात घालायचा का? गोळी बदलायची ते मी बघतो.”

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. सुजेवर वेगळे औषध दिले. काही दिवसांनी तात्या पुन्हा नीट चालू लागले.

क्षयाच्या रोग्याने तर औषध मध्येच मुळीच सोडू नये. रोग उलटतो आणि मग औषधाला दाद देत नाही. सांधे दुखले तर दवाखान्यात सांगावे. दुकानातून मनानेच दुखण्यावरची गोळी आणू नये. तिने ठणका थांबतो, पण युरिक ॲसिड उतरत नाही. शिवाय किडनीवर ताण पडतो.

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते. घरातल्या प्रत्येक औषधाचे नाव कागदावर लिहा. ते केव्हापासून व दिवसातून किती वेळा घेता, तेही लिहा. नाव इंग्रजीत असेल तर मुलांकडून वाचून घ्या आणि मराठीत लिहा. दवाखान्यात जाताना हा कागद आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या.

प्रश्न
१. तात्यांचा अंगठा कशामुळे सुजला?
२. गोळी आपल्या मनाने का बंद करू नये?
३. तुमच्या घरातील औषधांची यादी लिहा.