पाण्यात बुडून मरणारा मासा

मासा पाण्यात बुडून मरेल काय? वर्गात असे विचारलेत तर हशा पिकेल. पण तेरणा किंवा सीना नदीकाठच्या वाचकांनी उन्हाळ्यात एखाद्या आटत आलेल्या डोहापाशी थोडा वेळ बसावे. पाणी गढूळ, कोमट झालेले असते. इतर मासे मरू लागतात, मरळ मात्र तग धरून राहतो. मधूनच तो तोंड पाण्याबाहेर काढतो, हवेचा घोट घेतो आणि तळाशी जातो.

मरळाच्या गटाला बर्लिनचा वैद्य ब्लॉख याने १७९३ साली 'सापाच्या डोक्याचा' अशा अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. ती कशासाठी? थोर फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए म्हणाला, ही पाण्याची साठवण. मासा जमिनीवर आला की तिच्यामुळे कल्ले ओले राहतात. कल्पना पटण्यासारखी होती. नावही मोठे होते.

फ्रान्सिस डे हा मद्रासच्या लष्करातील शल्यवैद्य. त्याला ही कल्पना तपासावीशी वाटली. त्याच्या प्रयोगामागील युक्तिवाद नीट पाहा. पोकळी ही पाण्याची साठवण असेल, तर पाण्यात असताना माशाला तिची गरजच नाही. त्याला पृष्ठभागापर्यंत येऊ दिले नाही तरी काही बिघडू नये. उलट ती हवेसाठी असेल, तर मासा गुदमरेल. डेने अशा माशांना वर येण्यापासून अडवले. भोवती पाणीच पाणी असताना ते गुदमरून मेले! १८६८ साली त्याने ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. प्रयोग क्रूर खरा, पण निकाल निःसंदिग्ध होता.

आता थोडे आमच्या भौतिकीचे. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे जवळजवळ छत्तीसपट! पाणी तापले की द्राव्यता आणखी घटते. शिवाय पाण्यात प्राणवायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद.

मग हवेत प्राणवायूची एवढी चंगळ असताना साधा मासा पाण्याबाहेर का मरतो? कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यात सुट्या तरंगतात. बाहेर काढताच पृष्ठताणामुळे एकमेकींना चिकटतात, आणि श्वसनाचे क्षेत्रफळ एकदम कमी होते. ओल्या केसांचे जसे पुंजके होतात, तसेच हे. मरळाच्या पोकळीच्या भिंती अशा चिकटत नाहीत. गंमत म्हणजे कल्लेही त्याने टाकून दिलेले नाहीत. कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, म्हणून तो मुख्यतः कल्ल्यांवाटेच बाहेर जातो.

आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी तेथील उस्मानिया विद्यापीठाचे प्रा. बी. के. दास यांनीही भारतातील हवाश्वासी माशांचा अभ्यास केला. पिल्लांत हे अवयव कसे तयार होतात, यावरील त्यांचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९२७ साली छापला.

डेचा प्रयोग तुम्ही करू नका. आठवडी बाजारात टबात जिवंत मरळ दिसला, तर हातातल्या घड्याळावर नजर ठेवून तो दर किती वेळाने वर येतो ते मोजा. सकाळी एकदा आणि दुपारी पाणी तापल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा वहीत लिहा. फरक आढळला, तर त्याची कारणे एक नव्हे, दोन निघतील. एक वर आलेच आहे. दुसरे माशाच्या शरीरात शोधा.