रायगडाच्या घेऱ्यातली फेरी

हिरकणीवाडी ते पाचाड ही पायी फेरी रायगडाच्या घेऱ्यातून जाते. गड डोक्यावर राहतो. तो चढायचा नसतो. वाट दाखवणारे आबा आणि गटातला एखादा विद्यार्थी यांचं बोलणं साधारण असं चालतं.

विद्यार्थी : आबा, गड सोडून वाडीत काय बघायचं?

आबा : १९९६ साली इथून रोपवे सुरू झाला आणि हा प्रश्नही. माणूस गाडीतून उतरतो, पाळण्यात बसतो, वर जातो, फोटो काढतो, परततो. पाचाड बघायला वेळ कुणाला आहे? गडाला दूधदुभतं, दाणागोटा पुरवला तो याच वाड्यांनी.

विद्यार्थी : म्हणजे हिरकणी खरी?

आबा : दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद, घरी तान्हं मूल, म्हणून रात्री कडा उतरली. वाडीला तिचं नाव, वरच्या बुरुजालाही. समकालीन कागद मात्र नाही.

विद्यार्थी : मग खोटी?

आबा : घाई कसली? दंतकथा म्हणून सांगायची. हे पाचाड. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमं घेऊन आला. महाराज प्रतापगडी देवीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून त्याला इथेच तळ द्यावा लागला. राज्याभिषेकाचं त्याने केलेलं टिपण आज अभ्यासक वापरतात.

विद्यार्थी : बरं. पण त्याने हिरकणीचं काही लिहिलं?

आबा : तो व्यापाराच्या सवलती मागायला आला होता रे! हा जिजाऊंचा वाडा. गडावरचा वारा त्यांना सोसेना, म्हणून खाली बांधला असं सांगतात. राज्याभिषेक ६ जूनला झाला. १७ जूनला त्या इथेच गेल्या. समाधीही पाचाडलाच. वाड्याजवळ तक्क्याची विहीर आहे, काठाला टेकून बसायला दगडी तक्क्या. आत कचरा टाकणाऱ्यांना काय म्हणावं!

विद्यार्थी : आणि गड पडला तो?

आबा : मे १८१८. कर्नल प्रॉथरच्या फौजेने तोफा डागल्या. आग लागून वरचे वाडे जळाले. १० मे रोजी गड इंग्रजांकडे गेला.

विद्यार्थी : त्या आगीतच हिरकणीचा कागद गेला असेल!

आबा : जळालेल्या कागदात काय होतं, हे सांगणारा साक्षीदार आधी आण.