मोका पॉट सॅकमध्ये टाकण्याआधी

पोरी, ट्रेकच्या सामानात तू मोका पॉट काढून ठेवलेला पाहिला आणि फार बरं वाटलं. आल्फोन्सो बियालेत्तींनी १९३३ साली इटलीत कॉफीचं हे अष्टकोनी भांडं आणलं ते घरच्या शेगडीसाठी. गडावर त्याचे थोडे जास्त लाड करावे लागतात, एवढंच.

१. निघण्याआधी भांडं एकदा जोडून बघ, रबरी रिंग बोटाने चाचप — ती नसेल तर वाफ फटीतून निसटते. रिंग घरी, कॉफी अधांतरी.

२. पावडर बारीक रव्याइतकी दळलेली घे, आणि चिकोरीची नकोच — चिकोरी पाणी धरून ठेवते, गाळणी तुंबते.

३. तीन कपी पॉट म्हणजे आपले तीन कप नव्हेत गं! इटालियन कप जेमतेम ५० मिलीचा. चौघी असाल तर दोनदा कर, दर वेळी गाळणी पूर्ण भरून — अर्धी भरली की पाणी पावडरीतून नुसतंच धावतं.

४. पाणी थर्मासमधून गरमच ने, म्हणजे गॅस वाचतो आणि पावडर आचेवर ताटकळत नाही. खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच ओत — दाब वाढला तर वाफेला तेवढीच एक वाट असते. व्हॉल्व्हचं तोंड कुणाकडेही नको, तुझ्याकडेही नको.

५. पावडर काठोकाठ भर, बोटाने सपाट कर, दाबू मात्र नकोस — एस्प्रेसोच्या मशीनमध्ये ९ बार दाब असतो, इथे एक-दोन बारवरच सगळा कारभार. भरावी काठोकाठ, थोपटू नये पाठ.

६. आवळताना खालचं भांडं फडक्यात धर, वरचं अंगाला धरून फिरव — कानाला धरून पिळलं तर कान हातात येतो.

७. स्टोव्ह मांडायचा तो सपाट कातळावर, उघड्यावर. वाळक्या गवतावर नको — आपल्या डोंगरांवर दिवाळीनंतर गवत पेटायला एक ठिणगी पुरते. तंबूतही नको, कितीही थंडी असो. आतला विषारी वायू वासाने कळत नाही. वाऱ्याला तीन बाजूंनी दगड लाव, पण स्टोव्ह गॅसच्या डब्यावरच बसणारा असेल तर डबा झाकू नकोस, तो तापतो. स्टोव्हचे हात लांब-लांब असतील तर छोटी जाळी ठेव. पॉटचं बूड लहान, कलंडायला वेळ लागत नाही.

८. आच बुडाच्या आतच राहू दे — बाहेर आलेली ज्योत आधी कान वितळवते. झाकण उघडं ठेव आणि तिथेच बस. फोटो नंतर काढ. कॉफी आधी काळीभोर, दाट, संथ येते. मग रंग पिवळट होतो आणि गुरगुर सुरू होते. गुरगुरण्याआधीच उतरव आणि बुडाला ओलं फडकं गुंडाळ — पुढचं पाणी फक्त कडवटपणा आणतं.

९. ओतण्याआधी चमच्याने ढवळ — दाट खाली असते, पातळ वर. नाहीतर एकीला कडू आणि दुसरीला पाणी.

१०. गार झाल्याशिवाय उघडू नकोस. चोथा पिशवीत भरून घरी आण, आणि भांडं टाक्यात कधीच बुडवू नकोस — मागून येणारे तेच पाणी पितात. नुसत्या पाण्याने विसळलं तरी पुरे. घरी आल्यावर चिंच-लिंबाने चकचकीत करायला जाऊ नकोस, ॲल्युमिनियम झिजतं. तिन्ही भाग सुटे करून वाळव, मग ठेवून दे.