गंजाचे अर्थशास्त्र आणि अणुसुरक्षेचे नियमन

तंजावूरच्या राजवाड्यापासून जवळच, जुन्या किल्ल्याच्या पूर्वेकडील तटावर घडीव लोखंडाची एक अजस्र तोफ आहे. सतराव्या शतकात, नायक राजवटीत ती घडविली गेली. पुढे तंजावूर भोसल्यांकडे आले आणि १८५५ साली ते राज्यही खालसा झाले. तोफ मात्र उन्हापावसात टिकून आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी या तोफेचा अभ्यास केला होता. अशा जुन्या लोखंडावर गंजाचाच एक घट्ट थर बसतो आणि तो आतील धातूचे रक्षण करतो.

याच तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कल्पाक्कम येथे मद्रास अणुविद्युत केंद्र आहे. तेथील अणुभट्टीत इंधन ज्या दाबनलिकांमध्ये असते, त्यांच्या भिंतीची जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटर असते. आत उच्च दाबाचे तप्त जड पाणी वेगाने वाहत असते. तोफेवर काही मिलिमीटर गंज चढला तर इतिहासाचे थोडे नुकसान होते. येथे तेवढा धातू झिजला तर नळीच उरत नाही. म्हणूनच गंज हा अणुऊर्जेच्या बाबतीत केवळ देखभालीचा विषय न राहता सार्वजनिक धोरणाचा विषय ठरतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात विज्ञान-तंत्रज्ञान, अर्थव्यवस्था आणि प्रशासन हे तीन घटक ज्या थोड्या विषयांत एकत्र येतात, त्यांपैकी हा एक होय.

क्षरणाचे प्रकार

धातूची भोवतालच्या पदार्थांशी रासायनिक अथवा विद्युत-रासायनिक क्रिया होऊन त्याचा ऱ्हास होणे म्हणजे क्षरण. अणुविद्युत केंद्रात त्याचे तीन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला, प्रवाहजन्य क्षरण. वेगाने वाहणाऱ्या गरम पाण्यामुळे साध्या पोलादावरील संरक्षक थर विरघळत जातो आणि नळ आतून पातळ होतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. दुसरा, ताणजन्य क्षरण. संवेदनशील धातू, त्यावरील ताण आणि प्रतिकूल रासायनिक वातावरण या तीन गोष्टी एकत्र आल्या की धातूला भेगा पडतात. तिन्हींपैकी एक जरी दूर केली तरी भेग टळते. प्रतिबंधाचे सारे उपाय या साध्या तत्त्वावर उभे आहेत. तिसरा, स्थानिक क्षरण. यात संपूर्ण पृष्ठभाग शाबूत राहून एखाद्याच ठिकाणी खड्डा पडतो. सरासरी जाडी मोजून तो सापडत नाही.

भारतीय अनुभव : तारापूर, कल्पाक्कम, काक्रापार

महाराष्ट्रातील तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली कार्यान्वित झाल्या. प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेच्या या संचांतील दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्यामुळे ती बाष्पजनित्रे सेवेतून काढावी लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास क्षमता १६० मेगावॉटवर आणण्यात आली. म्हणजे प्रत्येक संचाची जवळजवळ एक-चतुर्थांश क्षमता केवळ नळ्यांच्या बिघाडामुळे कायमची गमावली गेली. पुढे २०२० मध्ये दोन्ही संच दीर्घकाळासाठी बंद करून पुनर्चक्रण प्रणालीचे नळ अधिक क्षरणरोधक पोलादाचे बसविण्याचे काम हाती घेण्यात आले.

कल्पाक्कम येथे दाबनलिका बदलण्याच्या मोठ्या कामाबरोबरच पहिल्या संचातील पुरवठा नळही बदलण्यात आले. प्रवाहजन्य क्षरणाने हे नळ पातळ होत असल्याचा अनुभव येत होता. अशा नळांच्या पोलादात क्रोमियमचे अल्प प्रमाण राखले तर ही झीज लक्षणीयरीत्या कमी होते. पदार्थाच्या निवडीतला किरकोळ वाटणारा फरक वीस-पंचवीस वर्षांनंतर किती मोठा खर्च वाचवतो, याचे हे उदाहरण आहे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण गुजरातमधील काक्रापारचे. १ जुलै २०१५ रोजी दुसऱ्या संचात आणि ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या संचात दाबनलिकेतून जड पाण्याची गळती झाली. पहिल्या संचातील अणुभट्टी आपोआप बंद झाली व केंद्रात आणीबाणी जाहीर करण्यात आली. तपासात असे आढळले की, नलिकांना बाहेरच्या बाजूने स्थानिक क्षरण झाले होते. दाबनलिका व तिच्या भोवतालची नलिका यांमधील पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू खेळविला जातो. या वायूतील हायड्रोकार्बन अशुद्धीशी क्षरणाचा संबंध असल्याचे निष्पन्न झाले. लक्ष होते आतल्या जड पाण्यावर. घात झाला बाहेरच्या वायूने. प्रत्येकी ३०६ दाबनलिका असलेले हे दोन संच पुन्हा सुरू होण्यास अनुक्रमे मे २०१९ व सप्टेंबर २०१८ उजाडले. पुरवठादाराकडून येणाऱ्या एका साध्या वायूची शुद्धता तपासणे हेदेखील अणुसुरक्षेचेच अंग आहे, हा या घटनेचा धडा होय.

बाजारपेठेवर का सोपवता येत नाही?

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. आपला प्रकल्प सुस्थितीत राहावा असे संचालकाला वाटणारच. मग वेगळ्या नियामकाची गरज काय?

पहिले कारण खर्च व लाभ यांच्या वेळेतील अंतर. २२० मेगावॉटचा संच तपासणीसाठी एक दिवस बंद ठेवला तर सुमारे ५२ लाख ८० हजार युनिट वीज निर्माण होत नाही. हा तोटा आज, ताळेबंदात दिसतो. टळलेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. दुसरे कारण बाह्य परिणाम. अपघाताची किंमत केवळ कंपनी मोजत नाही. कामगार, परिसरातील शेतकरी व मच्छीमार आणि अखेर करदाते ती मोजतात. तिसरे कारण माहितीची विषमता. नळाच्या आतील जाडी किती उरली, हे संचालकाला कळू शकते. शेजारच्या गावाला नाही. ही उणीव भरून काढणे हे नियामकाचे काम आहे.

देखरेखीची साधने

भारतात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळ करते. मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली असून मुख्यालय मुंबईत आहे. एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी : क्षरण रोखण्याची प्राथमिक जबाबदारी संचालकाची असते. ती पार पाडणारी व्यवस्था अस्तित्वात आहे आणि प्रत्यक्ष चालते, याची खात्री करून घेणे ही नियामकाची जबाबदारी.

स्थाननिश्चिती, बांधकाम, कार्यान्वयन, संचालन व निवृत्ती अशा टप्प्यांवर मंडळाची संमती लागते. बांधकामाच्या टप्प्यावर धातू व जोडकाम यांचे निकष पाहिले जातात. यंत्रणा सुरू होण्यापूर्वी नळांची जी मोजणी होते, ती पुढील सर्व तपासण्यांचा पाया ठरते. मूळ जाडीच ठाऊक नसेल तर झीज कशी मोजणार? संचालनकाळात पाण्यातील क्लोराइड, विरघळलेला प्राणवायू व आम्लता यांच्या मर्यादा पाळाव्या लागतात आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साह्याने ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. संचालनाचा परवाना अधिकाधिक पाच वर्षांसाठी दिला जातो आणि दर दहा वर्षांनी सुरक्षिततेचा सर्वंकष आढावा घेतला जातो. वार्धक्याचे व्यवस्थापन, म्हणजेच वयोमानानुसार यंत्रणेत होणाऱ्या ऱ्हासाचा मागोवा, हा या आढाव्याचा महत्त्वाचा भाग असतो.

परदेशातील तीन धडे

अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात २००२ साली अणुभट्टीच्या झाकणाचे पंधरा सेंटिमीटरहून अधिक जाडीचे पोलाद बोरिक आम्लाने खाल्ल्याचे आढळले. उच्च दाब केवळ एक सेंटिमीटरहून कमी जाडीच्या स्टेनलेस पोलादाच्या अस्तराने रोखून धरला होता. डिसेंबर २००१ अखेर अपेक्षित असलेली तपासणी कंपनीच्या विनंतीवरून फेब्रुवारीपर्यंत लांबविण्यास नियामकाने मुभा दिली होती. कंपनीवरील आर्थिक भार हलका करण्याच्या इच्छेचा या निर्णयात मोठा वाटा होता, असा निष्कर्ष नियामक आयोगाच्याच महानिरीक्षकांनी काढला. नियामक ज्याच्यावर देखरेख करतो त्याच्याच नजरेने पाहू लागला की त्यास ‘नियामक-ग्रहण’ म्हणता येईल.

जपानमधील मिहामा येथे ९ ऑगस्ट २००४ रोजी दुय्यम चक्रातील नळ फुटून उकळती वाफ बाहेर पडली आणि पाच कामगार मृत्युमुखी पडले. हा नळ तपासणीच्या यादीतून सुटला होता; १९७६ पासून त्याची जाडी मोजलीच गेली नव्हती. येथे किरणोत्सर्गाचा संबंध नव्हता. यादीतील एका ओळीची चूक पाच जिवांना भोवली.

फ्रान्समध्ये २०२१ च्या अखेरीस ताणजन्य क्षरणाच्या भेगा आढळल्या व अनेक संच बंद ठेवावे लागले. अन्य कारणांचीही भर पडून २०२२ मध्ये अणुविद्युत निर्मिती सुमारे ३६१ अब्ज युनिटवरून २७९ अब्ज युनिटवर घसरली. अपघात टळला, परंतु एकाच पद्धतीच्या संचांवर देश अवलंबून असला की एक दोष सर्वांना कसा ग्रासतो, हे दिसून आले.

नियामकाची स्वायत्तता

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या कायदेशीर दर्जावर बोट ठेवले. नियम करण्याचा व दंड आकारण्याचा पुरेसा अधिकार मंडळाला नाही आणि कायद्यातील दंडाची रक्कम अवघी ५०० रुपये आहे, असे त्यात नमूद होते. २०११ मध्ये मांडलेले अणुसुरक्षा नियामक प्राधिकरण विधेयक २०१४ साली लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्दबातल झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश देण्याची, अशा दोन्ही तरतुदी आहेत. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविद्युत क्षमतेचे उद्दिष्ट समोर असताना या दोन तरतुदींचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे. संचालकांची संख्या व नफ्याची प्रेरणा वाढेल, त्या प्रमाणात निरीक्षकांची संख्या, तज्ज्ञता आणि ‘संच बंद करा’ असे सांगण्याचे बळही वाढले पाहिजे.

समारोप

गंज हळू चालतो, म्हणूनच तो फसवतो. त्याच्यावर मात करण्यास अलौकिक तंत्रज्ञान लागत नाही. योग्य धातू, शुद्ध पाणी, अचूक नोंदी आणि ठरलेल्या दिवशी होणारी तपासणी एवढे लागते. कठीण असते ते ही शिस्त चाळीस-पन्नास वर्षे सांभाळणे. स्वतंत्र, सक्षम व पारदर्शी नियमन ही त्या शिस्तीची हमी होय. तिच्यावर होणारा खर्च हा विजेच्या खऱ्या किमतीचाच एक भाग समजला पाहिजे.

स्वाध्याय

१. ताणजन्य क्षरणास आवश्यक असलेले तीन घटक सांगून प्रत्येकावरील प्रतिबंधक उपाय सुचवा.
२. ‘माहितीची विषमता’ व ‘बाह्य परिणाम’ या संकल्पनांच्या आधारे अणुसुरक्षा नियमनाची आवश्यकता स्पष्ट करा.
३. काक्रापार व डेव्हिस-बेसी या घटनांतील नियामक दृष्टिकोनातून मिळणाऱ्या धड्यांची तुलना करा.